पुळणीवरच्या एटीव्हीचा खालचा आर्म : धरलेले तीन बोल्ट

गाडी साडेतीन वर्षं जुनी, दोनशे सीसीची, तारकर्ली-देवबाग पट्ट्यात पर्यटकांना पुळणीवर फिरवणारी एटीव्ही, म्हणजे रुंद टायरची उघडी चारचाकी. ऑक्टोबर ते मे रोज ओल्या वाळूतून, बऱ्याचदा लाटेच्या कडेनेच चालायची. पावसाळाभर माडांखाली ताडपत्री टाकून उभी. दिवाळीच्या गर्दीआधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाहेर काढली तेव्हा पुढचं डावं चाक डुगडुगत होतं, खड्ड्यात चाक गेलं की टक्क असा आवाज यायचा आणि हँडल सरळ धरूनही गाडी डावीकडे ओढायची.

पुढचा भाग जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं तर खालच्या आर्मच्या (चाकाला चासिसशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हलता दांडा) मुळाशी, चासिसच्या बाजूला, हालचाल दिसली. बाजूंनी धरून हलवल्यावर काही नाही, म्हणजे टायरॉड एंड (हँडलची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचं टोक) ठीक. बॉलजॉइंटवर (आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा) बोट ठेवून दुसऱ्या माणसाला चाक हलवायला लावलं, तिथेही झटका लागला नाही. निदान झालं: खालच्या आर्मचे दोन्ही बुश (सांध्यातले रबरी नळकांडे) गेलेत आणि पुढच्या टॅबचं (बोल्टसाठी चासिसवर असलेला पत्र्याचा कान) भोक अंडाकृती झालंय. बुश बदलायला तासाभराचं काम. पण बुश बाहेर येण्याआधी बोल्ट बाहेर यायला हवा, आणि समुद्रकाठच्या गाडीत सगळी मेहनत तिथेच जाते.

बोल्ट इतका का धरतो

आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो. रबराच्या आत लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, आणि स्लीव्हमधून आरपार बोल्ट. बोल्ट आवळला की स्लीव्ह चासिसच्या दोन टॅबमध्ये घट्ट दाबली जाते आणि जागची हलत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा पीळ रबराला पडतो. रचना बरोबरच आहे, पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा: गाडी कितीही धावली तरी बोल्ट आणि स्लीव्ह एकमेकांवर कधीच घासत नाहीत. साठ मिलिमीटर लांबीच्या त्या जागेत गंजाला मोडणारं काही नसतं.

बोल्ट आणि स्लीव्हमधली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांश भागाएवढी. खारं पाणी त्यात आपोआप ओढलं जातं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकलं तरी ते आतच राहतात, आणि त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच स्लीव्हच्या आत वर्षभर चालू असतं. ताडपत्रीखाली उभी गाडी सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात ताडपत्रीखालची दमट हवा हलत नाही आणि फट कधी कोरडी होत नाही. त्यात लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो. फट भरते, मग गंज दोन्हीकडून दाबू लागतो, आणि शेवटी बोल्ट-स्लीव्ह ही एकच कांब होऊन बसते.

गुलमर्गच्या बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाईलच्या पुढच्या सस्पेन्शनमध्येही आर्म, बुश आणि आरपार बोल्ट अशीच मांडणी असते. जिथे ॲल्युमिनियमच्या भागातून पोलादी बोल्ट जातो, तिथे लाल गंजाऐवजी पांढरी पावडर जमते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून तिथे उष्णता चांगली कामाला येते. लोखंडात लोखंड धरलेलं असेल तर उष्णतेचा उपयोग कमी. आधीचा अनुभव दुसऱ्या यंत्रावरचा असेल तर हा फरक ध्यानात ठेवावा.

आधी ओळख, मग जोर

डाव्या बाजूला एकूण आठ जोड: वरच्या आर्मचे दोन बोल्ट, खालच्याचे दोन, शॉकअपचे दोन आणि बॉलजॉइंटचे दोन नट. आदल्या संध्याकाळी सगळं गोड्या पाण्याने धुतलं, सुकू दिलं, वायर ब्रशने आटे साफ केले आणि गंज सोडवणारं स्प्रे तेल मारून रात्रभर ठेवलं. वरच्या आर्मचे दोन्ही आणि शॉकअपचा वरचा बोल्ट सकाळी साध्या रिंग पान्याने सुटले. ते जमिनीपासून उंच, पाण्यापासून लांब. बॉलजॉइंटचे नटही अडले नाहीत. स्प्लिट पिना गंजून तुटल्या, त्या ड्रिलने काढल्या. बॉलजॉइंटचा टेपर (निमुळता दांडा) सोडवताना नट चार आट्यांवर ठेवला, नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवला आणि दुसऱ्या बाजूने ठोका दिला. तिसऱ्या ठोक्याला टेपर सुटला. फाटा घालून उचकटलं असतं तर चांगल्या बॉलजॉइंटचं रबर फाटलं असतं.

उरले तीन: शॉकअपचा खालचा, खालच्या आर्मचा पुढचा आणि खालच्या आर्मचा मागचा. तिघेही "जाम" होते, पण धरण्याची जागा तिघांची वेगळी. गॅरेजमध्ये बोल्ट तुटतात ते बहुतेक इथेच, कारण तिघांनाही एकच औषध दिलं जातं: पान्याला पाईप.

एक हिशोब डोळ्यासमोर असावा. एम१० चा (दहा मिलिमीटर जाड) ८.८ ग्रेडचा (ताकदीचा हा आकडा डोक्यावर लिहिलेला असतो) बोल्ट साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळतात; न्यूटन-मीटर हे टॉर्कचं, म्हणजे पिळाच्या जोराचं माप. साठ सेंटिमीटरच्या दांड्यावर माणसाने चाळीस किलोंचा भार टाकला तर बोल्टवर २३५ न्यूटन-मीटर पडतात. एवढा पीळ तो बोल्ट सोसूच शकत नाही. पाईप लावला की बोल्ट सुटेल किंवा तुटेल, आणि किनाऱ्यावरचा बोल्ट बहुधा तुटतोच.

म्हणून आधी खडू. बोल्टचं डोकं, स्लीव्हची कड आणि टॅब या तिघांवरून एकच सरळ रेघ ओढायची, मग नट काढून डोकं हलक्या हाताने फिरवायचं. फक्त डोक्यावरची रेघ सरकली तर बोल्ट स्लीव्हमध्ये मोकळा आहे, ठोकून निघेल. डोक्याबरोबर स्लीव्हवरची रेघही सरकली तर दोघं एकजीव झालेत. रबर शाबूत असेल तर आणखी एक खूण मिळते: पाव फेरा फिरवून पाना सोडला की बोल्ट स्प्रिंगसारखा मागे येतो. तो पीळ रबराचा असतो. पुष्कळांना वाटतं, बोल्ट फिरतोय म्हणजे सुटतोय. मग अर्धा तास मागे-पुढे फिरवत बसतात आणि शेवटी रबर फाटून स्लीव्हसकट बोल्ट गरगर फिरू लागतो. बाहेर मात्र केसभरही येत नाही.

शॉकअपचा खालचा बोल्ट

नट सुटला, डोक्यावरची रेघ एकटी सरकली. नट आट्यांच्या टोकाशी समतल येईल एवढा परत लावला, म्हणजे ठोके आट्यांवर बसत नाहीत. त्यावर पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) धरून एक किलोच्या हातोड्याने सहा-सात ठोके दिले. बोल्ट सरकल्यावर नट काढून बारीक पंचाने बाहेर ढकलला. इथे बत्ती लावायची नाही. शॉकअपमध्ये तेल आणि वायू बंदिस्त असतात.

पुढचा बोल्ट: कापण्याचा निर्णय

नायलॉन इन्सर्टचा नट तेलाला दाद देईना. गॅस बत्तीने फक्त नट तापवला, नायलॉन वितळून धूर निघाला आणि नट सुटला. तो नट फेकायचाच असतो. तापवण्याआधी भाग ब्रेक क्लीनरने धुतलेला असेल तर थांबावं. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतात आणि तापल्यावर त्यांचा विषारी फॉस्जीन वायू होतो. झिंक चढवलेल्या भागाचा धूरही छातीला वाईट, म्हणून हे काम पडवीत नाही, उघड्यावर.

नट गेला आणि खडूने निकाल दिला: स्लीव्ह बोल्टबरोबर फिरत होती, सोडलं की मागे येत होती. इम्पॅक्ट गनने पाच मिनिटं धक्के दिले. काही नाही. तेल आणखी मारून उपयोग नव्हता, कारण तेल दोन्ही टोकांनी काही मिलिमीटरच आत जातं, मधला गंज कोरडाच राहतो. स्लीव्ह तापवायची तर रबर जळतं. शिवाय दहा मिलिमीटरच्या भोकाला तीनशे अंश तापवलं तरी ते मिलिमीटरच्या साडेतीन शतांश भागाएवढंच मोठं होतं. आतला बोल्टही जवळपास तेवढाच तापतो, म्हणजे हाती काही लागत नाही. बोल्ट वाचवायचा हट्ट इथे सोडायचा. नवा बोल्ट मिळतो. वाकलेला टॅब चासिसचा भाग असतो.

कापण्याआधी नवे बोल्ट, बुश आणि स्लीव्ह हातात असावेत. जुळणारा बुश मालवणात मिळाला नाही तर कुरिअरची वाट बघावी लागते, आणि आर्म नसलेली गाडी ठोकळ्यांवर पडून राहते. या गाडीचे बुश आले, पण आलेल्या स्लीव्ह दीड मिलिमीटर आखूड होत्या. त्या कुडाळ एमआयडीसीतल्या लेथवर ईएन८ पोलादाच्या गजातून नव्या करून घेतल्या. स्लीव्हची लांबी जुन्या, न घासलेल्या स्लीव्हएवढीच हवी. आखूड पडली तर आवळताना दाब स्लीव्हऐवजी बुशच्या कडेवर येतो आणि नवा बुश महिन्याभरात चिरडतो.

कापायची जागा एकच: स्लीव्हचं टोक आणि टॅब यांच्यामधला वॉशर. वॉशर छिन्नीने फोडून काढला की दीड-दोन मिलिमीटरची फट मिळते. तिथे रेसिप्रोकेटिंग करवतीचं धातूसाठीचं बायमेटल ब्लेड, इंचाला १८ ते २४ दात असलेलं, आत जातं. ग्राइंडरने वेळ कमी लागला असता, पण चाकती वाकडी गेली की टॅबमध्ये खाच पडते आणि पुढे तिथूनच तडा जातो. ब्लेड टॅबला लागू नये म्हणून जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा टॅबला टेकवून चिकटपट्टीने बांधला. डोक्यावर १०.९ लिहिलेला बोल्ट कठीण असतो. करवत हळू चालवायची, कटिंग ऑइलचे थेंब देत राहायचं. घाई केली तर दात जळतात आणि बोल्ट नुसता चमकतो. बारा मिनिटांत एक बाजू, नवं ब्लेड लावून दहा मिनिटांत दुसरी. टॅबमधले तुकडे बोटाने निघाले. आर्ममध्ये अडकलेला तुकडा सोडवण्याच्या भानगडीत पडायचं नाही. बुश, स्लीव्ह आणि बोल्ट तिन्ही एकत्र, योग्य मापाची गोटी (सॉकेट) लावून प्रेसवर दाबून बाहेर काढले.

मागचा बोल्ट: फिरतोय, पण येत नाही

हा सर्वांत कठीण. पलीकडचा नट चासिसला वेल्ड केलेला, आणि डोकं आधीच कोणीतरी गोल करून ठेवलेलं. चौदाच्या डोक्यावर ९/१६ इंचाची बारा कोनी गोटी चढते, पण ती १४.३ मिलिमीटरची असते. जोर पडला की कोपरे जातात. गंजलेल्या डोक्यावर नेहमी सहा कोनी गोटी, अचूक मापाची.

पेट्रोलची टाकी काढली, बॅटरीची तार सोडली, ब्रेकच्या होजवर ओलं पोतं गुंडाळलं आणि शेजारी वाळूची बादली ठेवली. एम१२ चा काळा, झिंक नसलेला नट डोक्यावर ठेवून त्याच्या भोकातून २.५ मिलिमीटरच्या रॉडने, ८० अँपिअरच्या आसपास, वेल्ड भरलं. अर्थिंगचा चिमटा त्याच बोल्टजवळ लावायचा, चाकाच्या बेअरिंगपलीकडे नाही. वेल्ड लाल असताना पाना लावायचा नाही, हात टेकवता येईल इतकं निवू द्यायचं. तापताना बोल्ट फुगतो, निवताना आक्रसतो, आणि त्या हालचालीत आट्यांमधला गंज फुटतो.

एकोणीसचा पाना लावल्यावर कट् असा आवाज झाला आणि बोल्ट फिरला. खरी गफलत इथून पुढे होते. वेल्ड केलेल्या नटातून बोल्ट बाहेर यायचा तर त्याला डोक्याच्या दिशेने सरकावं लागतं. पण स्लीव्ह बोल्टला चिकटलेली, आणि तिच्यापुढे डोक्याकडचा टॅब उभा. बोल्ट सरकतो तसा स्लीव्हला घेऊन टॅबला बाहेर ढकलतो. दीड फेऱ्यात टॅबची कड बाहेर झुकलेली दिसली. १.२५ च्या पिचला (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) दीड फेरा म्हणजे जवळपास दोन मिलिमीटर. आणखी दोन फेरे दिले असते तर टॅब कायमचा वाकला असता किंवा बोल्ट आट्यांपाशी पिळून तुटला असता. पाना हलका फिरतोय म्हणून थांबायचं सुचत नाही, तरी नजर टॅबवरच ठेवायला हवी.

बोल्ट दीड फेरा परत आवळला, टॅब जागेवर आला. मग पुढच्या बोल्टसारखेच स्लीव्हच्या दोन्ही टोकांना काप घेतले. मागे जागा अडचणीची होती, म्हणून करवत खालून उलटी धरावी लागली आणि पाऊण तास गेला. आर्म मोकळा झाला, वेल्ड केलेल्या नटात तुकडा राहिला. त्याचं टोक नटाच्या मागे चार-पाच मिलिमीटर दिसत होतं. ते व्हाइस ग्रिपने धरून तुकडा मागच्याच बाजूला, आवळण्याच्या दिशेने फिरवून काढला. मागून बघताना ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलटी दिसते. उलट बाजूने काढला असता तर बाहेर गंजलेले आटे नटातून ओढून न्यावे लागले असते. मात्र त्याआधी नव्या बोल्टवर मोजून बघावं की आटे टॅबच्या आतपर्यंत येतात. बिनआट्याचा दांडा नटातून जाणार नाही. कापलेल्या टोकावरची बरही (वर आलेली धारदार कड) कानशीने घालवावी. तुकडा पाव फेरा पुढे, थोडा मागे, तेलाचा थेंब, असा सव्वा फेरा गेल्यावर हाताने फिरू लागला.

वेल्डने आटे आधी मोकळे झाले नसते तर तुकडा ड्रिल करावा लागला असता: मधोमध सेंटर पंच, मग ३, ५, ७ आणि शेवटी ८.८ मिलिमीटरचं ड्रिल, त्यानंतर एम१० × १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार). पिच १.५ असेल तर शेवटचं ड्रिल ८.५ चं. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट काढायचं हत्यार) अशा गंजात वापरू नये. तो आत तुटला तर ड्रिलपेक्षा कठीण असल्याने साध्या ड्रिलने कापला जात नाही.

परत जोडणी

पुढच्या टॅबचं भोक १० वरून साडेअकरापर्यंत लांबलेलं होतं. दोन्ही टॅबना चार मिलिमीटर जाड माइल्ड स्टीलचे, १०.२ चं भोक असलेले वॉशर वेल्ड केले. वेल्ड करताना दोन्ही भोकांतून जुन्या सरळ बोल्टचा गज घालून रेषा धरली. हे केलं नसतं तर नव्या बुशसकट तोच टक्क आवाज डिसेंबरात परत आला असता. वेल्डवर झिंक प्रायमर मारला.

स्टेनलेस बोल्टबद्दल सांगायलाच हवं, कारण मालवणात होड्यांसाठी ते सर्रास मिळतात आणि गंजत नाहीत म्हणून इथे घालायचा मोह होतो. नेहमीच्या ए२-७० स्टेनलेस बोल्टची ताणशक्ती ७०० मेगापास्कल, ८.८ ची ८००. पण बोल्ट कायमचा लांबायला लागण्याची मर्यादा स्टेनलेसची ४५० आणि ८.८ ची ६४०. सस्पेन्शनमध्ये हा फरक मोठा. शिवाय साध्या लोखंडी स्लीव्हशी स्टेनलेस भिडला की खाऱ्या पाण्यात स्लीव्ह आणखी लवकर झिजते. कंपनीच्याच ग्रेडचा झिंक चढवलेला बोल्ट घ्यावा.

बोल्टच्या पूर्ण दांड्याला आणि स्लीव्हच्या आत मरीन ग्रीस, बोटाने सगळीकडे फासून. स्लीव्हमध्ये कोरडी जागा राहिली तर पाणी तिथेच बसतं. आट्यांवर ग्रीस लागलं तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून तिथे टॉर्क पाव भागाने कमी धरला. नवे नायलॉन नट. सगळे बोल्ट आधी सैल ठेवून गाडी चाकांवर जमिनीवर घेतली, पुढून दोनदा दाबून बसवली आणि मगच आवळले. जॅकवर आर्म लोंबत असताना आवळलं तर स्लीव्ह त्या कोनात धरली जाते, गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उजव्या बाजूला तक्रार नव्हती, तरी तिकडचे दोन्ही खालचे बोल्ट खडू लावून तपासले. मागचा मोकळा होता. पुढचा धरायला लागला होता, पण तेल आणि पितळी ड्रिफ्टने निघाला. दांड्यावर मधोमध दोन बोटं रुंद तपकिरी पट्टा होता, दोन्ही टोकं अजून चकचकीत.

मालकाला दिलेलं वेळापत्रक: रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणं, पण प्रेशर जेट थेट बुशवर नाही, त्याने खारं पाणी आत ढकललं जातं. दर तीन महिन्यांनी आठही जोड एकेक करून काढायचे, पुसायचे, ग्रीस लावून परत घालायचे. दोन माणसांचं दोन तासांचं काम. मेअखेरीस, ताडपत्री टाकण्याआधी, हे चुकवायचं नाही.

जानेवारीच्या फेरीत चारही खालचे बोल्ट हाताने निघाले. पुढच्या डाव्या स्लीव्हच्या तोंडाशी ग्रीस करडं झालं होतं, आत बारीक वाळू होती. ते पुसून नवं भरलं.